तक्रार करणे पाप नव्हे



मागे एक बांधव आम्हांला भेटला. गावातल्या चहाच्या हॉटेलात त्याला कप वेगळा मिळतो आणि प्याल्यावर स्वतःच विसळून ठेवावा लागतो. ‘क्षमा कर, प्रार्थना कर,’ असे आम्ही सांगितले. तो गप्प निघून गेला. आमचे उत्तर अर्धेच होते.

प्रभू येशूने दुसरा गाल पुढे करायला शिकविले. पण महायाजकापुढे शिपायाने थप्पड मारली तेव्हा, मला का मारलेस, असे त्याने विचारलेच. संत पौलाने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगून फटके चुकविले आणि पुढे थेट कैसराकडे दाद मागितली. हा काही सूड नव्हता.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी प्याले, हे शाळेतले पोरही सांगेल. नंतरचा दावा मात्र फारसा कुणी सांगत नाही. तो विरोधकांनीच लावला होता. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांना मनाई ही जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही असे ठरविले. ‘पहिल्यापासून असेच आहे’ हे आपल्या गावांतले आवडते वाक्य पुराव्यापुढे टिकले नाही.

आज नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ आहे. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा अधिक कडक. पण १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीत हिंदू, शीख व बौद्धच मोजले जातात, दलित ख्रिस्ती नाहीत. हे दुखणे वेगळे. १९५५ च्या कायद्यात मात्र अस्पृश्यतेच्या कारणावरून ‘कोणत्याही व्यक्तीला’ अडविणे गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र आहे.

तक्रारीत तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे आणि साक्षीदारांची नावे लिहावीत. रागाच्या भरात एक अक्षरही वाढवू नये. आठवी आज्ञा तक्रारदारालाही लागू आहे. गुन्हा नोंदविल्यावर त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात नोंदवून घेतले नाही, तर तोच मजकूर पोस्टाने बुलढाण्याला पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा. तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्न असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

लिहिता येत नसेल त्यांनी रविवारी मिस्सानंतर थांबावे. आम्ही लिहून देऊ. त्या बांधवालाही निरोप धाडला आहे.