बोललेला इतिहास : मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि जतन

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि सरकारी दप्तरे यांचेच स्मरण प्रथम होते. विसाव्या शतकाने त्यांत आणखी एका साधनाची भर घातली. घटनेत प्रत्यक्ष भाग घेतलेल्या व्यक्तीचे कथन तिच्याच आवाजात टिपून ठेवणे, हे ते साधन होय. नवी दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयाने (२०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय) १९६०च्या दशकात स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा या कामाला आपल्या देशात शिस्तबद्ध रूप येऊ लागले.

हे साधन वेळीच न वापरल्यास काय हरपते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) हे छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरी स्थायिक झाले. ग्रामोफोनसाठी भारतात १९०२ पासून ध्वनिमुद्रण होत असूनही खाँसाहेबांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. उतारवयात त्यांनी आपला जीवनवृत्तांत नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितला आणि नातवाने तो उर्दूत लिहून घेतला. या टिपणामुळे दरबारांतील गायकांचे जीवन, तालमीची पद्धत, प्रवास आणि मानापमान यांची माहिती पुढील पिढ्यांना मिळाली. परंतु आवाज मिळाला नाही. ऐन उमेदीत आवाज बिघडल्यानंतर त्यांनी आपल्या गायकीला नवे वळण दिले, असे सांगितले जाते. ते वळण आज केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या ध्वनिमुद्रणांवरूनच अजमावावे लागते. मूळ गळा ऐकण्याची सोय नाही.

याउलट उदाहरण उषा मेहता यांचे. 'छोडो भारत' आंदोलनात मुंबईतून चालविलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबर १९४२ रोजी झालेल्या अटकेपर्यंत सुरू होते. पोलीस ही प्रक्षेपणे ऐकून शब्दशः उतरवून घेत. म्हणजे केंद्रावरून काय बोलले गेले, हे ब्रिटिश सरकारच्याच कागदांत टिकले, हा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. मात्र बोलणारी माणसे कोण होती, जागा वारंवार का व कशी बदलावी लागे, कोणाच्या भरवशावर हे सारे चाले, हे सांगणे त्यांनाच शक्य होते. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अध्ययन केंद्रासाठी १९६९ मध्ये उषाताईंची मुलाखत घेण्यात आली. मधे सत्तावीस वर्षे उलटली होती. इतक्या काळानंतर तारखा आणि क्रम यांत स्मृती चुकू शकते, हे अभ्यासकाने गृहीतच धरावयाचे असते. तारीख कागदावरून ठरवावी; निर्णयामागील विचार, भीती आणि आपसांतील विश्वास यांचा शोध मात्र मुलाखतीतच घ्यावा.

मुलाखत संपूर्ण जतन होणे किती आवश्यक आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५५ मधील बी.बी.सी.च्या मुलाखतीवरून ध्यानात येते. गांधीजींविषयीचे आपले परखड मत त्यांनी तीत निःसंदिग्धपणे मांडले आहे. पुढील वर्षी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज या मुलाखतीचे लहान लहान तुकडे सर्वत्र फिरत असतात. प्रश्न गाळून केवळ उत्तर ऐकविले की प्रतिपादनाचा संदर्भ सुटतो. मग कोणीही त्याला हवा तो अर्थ चिकटवितो. म्हणून मुलाखतकाराचा प्रश्न हा दस्तऐवजाचाच भाग मानला पाहिजे.

थोरामोठ्यांच्या मुलाखतींसाठी राष्ट्रीय संस्था आहेत. गावाच्या आठवणी मात्र गावालाच राखाव्या लागतील. १९४२ चे साक्षीदार आता विरळाच उरले आहेत. परंतु १९७२ च्या दुष्काळात कामावर गेलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे असून गावोगाव भेटतात. त्यांना "दुष्काळ कसा होता?" असे विचारल्यास "फार वाईट" एवढेच उत्तर येईल. त्याऐवजी खडी फोडण्याच्या कामावर सकाळी किती वाजता निघावे लागे, तान्ह्या मुलाला कोण सांभाळी, मजुरी कोणत्या वारी होई, मिलोची भाकरी कशी थापली जाई, सुकडी घरी आणता येई की तेथेच खावी लागे, असे विचारावे. एका तपशिलातून दुसरा आपोआप निघतो. शिक्षकांनी आधी जुनी हजेरीपत्रके अथवा ग्रामसभेचे इतिवृत्त पाहून गेल्यास प्रश्न नेमके होतात. मधेच वाक्य पुरे करून देण्याचा मोह टाळावा. वृद्ध माणसाची शांतता ही पुष्कळदा आठवणीची पूर्वतयारी असते.

आरंभी दिनांक, गाव, बोलणाऱ्याचे व विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारून मुद्रित करावे. हे अर्ध्या मिनिटाचे काम राहून गेल्याने कित्येक ध्वनिफिती निनावी होऊन पडल्या आहेत. मुद्रण कशासाठी आहे व ते कोणास ऐकविले जाईल हे सांगून लेखी संमती घ्यावी. जातीय तंटा किंवा हयात व्यक्तीवरील आरोप बोलण्यात आला, तर तो भाग काही वर्षे खुला करू नये, अशी अट घालण्याचा अधिकार सांगणाऱ्यास असावा. लेखी उतारा करताना बोली सुधारू नये. "व्हतं" चे "होते" केले की माणूस पुसला जातो.

भ्रमणध्वनीवरील मुद्रण चांगले होते, परंतु यंत्र बिघडले की तेही जाते. निदान तीन प्रती कराव्यात : एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक तालुक्याच्या ग्रंथालयात. घरोघरी पडून असलेल्या जुन्या चुंबकीय फितींना ओल आणि बुरशी लागते, शिवाय त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. त्यामुळे त्यांच्या संगणकीय प्रती नव्या मुद्रणांच्या आधी करून घेणे इष्ट.