उडते पदार्थसंग्रहालय

इंग्लंडात बेडफर्डशायर परगण्यात ओल्ड वॉर्डन नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील शटलवर्थ संग्रहातील कित्येक विमाने शंभर वर्षांहून जुनी. तरी ती केवळ मांडून ठेविलेली नसून ठरलेल्या दिवशी हिरवळीच्या धावपट्टीवरून आकाशात उडविली जातात. रिचर्ड शटलवर्थ ह्या हौशी तरुणाने हा संग्रह आरंभिला. 1940 साली वायुदलात असता विमान-अपघातातच त्याचा अंत झाला, आणि 1944 साली त्याच्या मातेने त्याच्या स्मरणार्थ न्यास स्थापिला.

उड्डाण पाहण्यास जाणाऱ्याचे नाक डोळ्यांइतकेच कामी येते. पहिल्या महायुद्धातील ॲव्हरो 504 के हे शिकाऊ विमान सुरू झाले की एरंडेलाचा वास सुटतो. ज्याचे नाव काढताच मुले तोंड लपवितात, तेच हे एरंडेल! ते येथे कशाला, हे समजून घेण्याजोगे आहे. मोटारीच्या इंजिनात सिलिंडर स्थिर राहून मधला दांडा फिरतो. ह्या विमानात सारे उलट: दांडा विमानास जखडलेला, आणि नऊही सिलिंडर पंख्यासह गरगर फिरतात. फिरताना त्यांस वारा लागून ते थंड राहतात. पाण्याचे ओझे बाळगावे लागत नाही. परंतु पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच जाते. खनिज तेल तीत विरघळून पातळ झाले असते. एरंडेल सहसा विरघळत नाही. आपले काम झाले की ते बाहेर फेकले जाते. ते तुषार वैमानिकाच्या मुखावर उडत, थोडे पोटातही जात. मग न मागता औषध मिळाल्याचा परिणाम होई.

फिरत्या इंजिनाचा दुसरा गुण अधिक घातक होता. फिरता भोवरा बोटाने ढकलून पाहा. तो ढकलल्या दिशेस न जाता आडवा कलतो. सॉपविथ कॅमल ह्या लढाऊ विमानाचे तसेच होई. उजवीकडे वळताच नाक खाली, डावीकडे वळताच वर. कुशल वैमानिकाने ह्याच गुणावर शत्रूस चकविले. अनेक नवशिके मात्र शत्रूची गोळी न लागताच मेले. दालनात निश्चल उभे असलेले विमान ह्यातले काय सांगणार?

तरीही उडविणे निर्धोक नव्हे. 12 नोव्हेंबर 2022 रोजी अमेरिकेत डॅलस येथील प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातील दोन विमाने हवेत आदळून सहा माणसे मृत्यू पावली. अशी विमाने जमिनीवरच ठेवावीत, असे म्हणणाऱ्यांस हसण्यावारी नेता येत नाही. मात्र चौकशीत दोष यंत्रांच्या वार्धक्याचा निघाला नाही. कोणी किती उंचीवर राहावे हे आधी न ठरविता ऐन वेळच्या सूचनांवर भार टाकला होता. तेव्हा माझ्या मते प्रश्न उडवावे की न उडवावे हा नसून, नको तेव्हा न उडविण्याचे धैर्य आहे की नाही, हा आहे.

ओल्ड वॉर्डनला 1909 साली घडलेले ब्लेरियो विमान आहे. त्यास वारा पडलेल्या सायंकाळीच बाहेर काढावयाचे, आणि तेही धावपट्टीवरून सरळ एक लहानशी झेप घेण्यापुरते. वारा न पडला तर दिवसभर तिष्ठलेल्या प्रेक्षकांनी तसेच घरी जावे. तेथील कॅमल तर जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने घडविलेले आहे. त्यासाठी लाकूड तासणे, सांगाड्यावर कापड ताणणे, त्यावर रोगण चढविणे ही मागे पडलेली कामे आजच्या कारागिरांस पुन्हा हातात बसवावी लागली.