दोन आट्यांवरच अडकणारा चक

प्रश्न : मी लाकूडकामाचा एक जुना अमेरिकी लेथ घेतला आहे. भाच्याने त्यासाठी जर्मनीहून चार जबड्यांचा चक आणला. तो स्पिंडलवर जेमतेम दोन आटे जातो आणि घट्ट अडकतो. आटे तर दोन्हीकडे सारखेच दिसतात. तेल घालून पान्याने जोर लावला तर बसेल का? एक स्नेही म्हणतात, आट्यांच्या भानगडीत पडूच नका, मोर्स टेपरचा चक घ्या. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : आधी पाना खाली ठेवा. चक अडकला हे चांगलेच झाले. आणखी जोर लावला असता तर स्पिंडलचे पुढचे आटे चिरडले असते. चक बदलता येतो, पण स्पिंडल बिघडले तर बेअरिंगसकट सगळे डोके उतरवावे लागते.

आटे सारखे दिसतात हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. हल्लीच्या इंची आणि मेट्रिक, दोन्ही आट्यांचा कोन ६० अंशांचाच असतो. पण आट्याची ओळख कोनावर संपत नाही. त्याचा बाहेरचा व्यास किती आणि एका आट्यापासून दुसऱ्या आट्याचे अंतर, म्हणजे पिच, किती, या दोन गोष्टी जुळाव्या लागतात. अमेरिकी लाकूड लेथमध्ये बहुधा दोन मापे भेटतात. लहान यंत्रांवर १ इंच आणि मोठ्यांवर सव्वा इंच, दोन्हींत इंचाला ८ आटे. युरोपात मात्र एम ३३ × ३.५ हे माप रुळलेले आहे, म्हणजे व्यास ३३ मिलिमीटर आणि पिच साडेतीन मिलिमीटर.

आता तुमचे कोडे पाहू. चक स्पिंडलवर चढायला लागतो, म्हणजे स्पिंडल १ इंचाचे नाही. तसे असते तर चक त्यावर आटे न धरता नुसता सरकला असता. तुमचे स्पिंडल सव्वा इंचाचे आणि चक एम ३३चा असावा. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. ते ३३च्या आट्यात सहज शिरते, थोडे सैलही बसते. पण इंचाला ८ आटे म्हणजे ३.१७५ मिलिमीटरची पिच, आणि चकाची ३.५. दर आट्यामागे ०.३२५ मिलिमीटरचा फरक पडत जातो. व्यासातल्या फरकामुळे सुरुवातीला साधारण ०.६ मिलिमीटरची सैल जागा मिळते, ती पहिल्या आट्याला निम्मी खर्च होते आणि दुसऱ्याला संपते. म्हणून चक दोन आट्यांवर थांबतो. तेलाने घर्षण कमी होईल, पिच बदलणार नाही.

तरीही माझ्या हिशेबावर विसंबू नका, मोजून घ्या. व्हर्नियरने स्पिंडलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा. वापराने माथे झिजलेले असतात, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल. मग स्टीलची पट्टी आट्यांवर आडवी धरून एका माथ्यापासून मोजायला लागा. एका इंचात बरोबर आठ अंतरे बसली तर इंची आटे. सात अंतरांत २४.५ मिलिमीटर झाले तर साडेतीनची पिच. पिच गेज असेल तर ते लावून क्षणात कळते.

उपाय चकाच्या पाठीवर अवलंबून आहे. पाठीमागून पाहा. मधले आट्याचे भोक वेगळ्या गोल तुकड्यात असेल आणि तो तुकडा एखाद्या ग्रब स्क्रूने अडवलेला असेल, तर तो इन्सर्ट आहे. स्क्रू सैल करून तो काढायचा आणि त्याच कंपनीचा सव्वा इंच ८ आट्यांचा इन्सर्ट बसवायचा. हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग. आटे चकाच्या अंगातच कापलेले असतील तर बहुतेकांना वाटते की टर्नरकडून ते पुन्हा मारून घेता येतील. ते जमत नाही, कारण भोक आधीच मोठे आहे. सव्वा इंचाच्या आट्याला जो धातू हवा तो तिथे उरलेलाच नाही.

बाजारात जोड-अडॅप्टर मिळतात, पण इथे त्यांची एक अडचण आहे. ३१.७५चे भोक आतून आणि ३३चा आटा बाहेरून, एवढ्या पातळ भिंतीची नळी करता येत नाही. म्हणून असा अडॅप्टर एकापुढे एक लांबट असतो आणि चक बेअरिंगपासून आणखी पुढे जातो. जितका पुढे, तितका थरकाप जास्त. लहानसहान गोल डब्यांना ते चालून जाईल, मोठ्या वाडग्याला मी वापरणार नाही. त्यापेक्षा चक बदलून घेतलेला बरा.

योग्य माप आले म्हणजे काम झाले असे मात्र समजू नका. पुष्कळांचा समज असा की आटे चकाला सरळ धरतात. आटे फक्त ओढतात. चक सरळ फिरतो तो स्पिंडलवर आट्यांच्या मागे असलेल्या चपट्या खांद्यामुळे. चकाची पाठ त्या खांद्याला चहूबाजूंनी टेकली पाहिजे. पाटाच्या एका पायाखाली खडा आला की पाट डुगडुगतो, तसेच इथे होते. ४० मिलिमीटर रुंदीच्या खांद्यावर एका कडेला ०.१ मिलिमीटरचा भुसा अडकला, तर २०० मिलिमीटर व्यासाच्या वाडग्याची कड अर्धा मिलिमीटर लंगडत फिरते. इतके डोळ्यांना स्पष्ट दिसते आणि टूलला प्रत्येक फेऱ्याला ठोका बसतो.

म्हणून बसवण्याआधी यंत्राचा प्लग काढा. जुन्या टूथब्रशने दोन्हीकडचे आटे घासा, खांदा आणि चकाची पाठ फडक्याने पुसा. चक हाताने टेकवून आधी थोडा उलटा फिरवा. आट्याची टोके जुळली की हलकासा टक् लागतो, मग सुलटा फिरवा. शेवटपर्यंत हाताने सहज जायला हवा. मध्ये जड गेला तर काढून पुन्हा साफ करा. टेकल्यावर एक ठाम पीळ पुरे. मोटर चालू करून चक आदळत बसवू नका, त्याने तो इतका घट्ट बसतो की काढताना जीव जातो.

टेकला की नाही हे कसे कळणार? खांद्यावर चार बाजूंना पातळ कागदाच्या पट्ट्या ठेवून चक हाताने घट्ट करा आणि पट्ट्या ओढून पाहा. चारही पकडल्या गेल्या पाहिजेत. एक जरी सुटली तर तिथे फट आहे. चारही सुटल्या तर बहुधा चकाचे भोक उथळ आहे आणि स्पिंडलचे टोक आत आधीच टेकते. तेव्हा खांद्यावर एकसारख्या जाडीची धातूची चकती घालावी लागते. तपासून झाले की पट्ट्या काढून टाका आणि चक पुन्हा बसवा.

मग काम करताना तो सुटत का नाही? टूल लाकडाला मागे खेचते आणि स्पिंडल पुढे ढकलते, त्यामुळे उजव्या आट्यावर चक घट्टच होत जातो. उलट्या दिशेने लेथ चालवला, किंवा ब्रेकने तो एकाएकी थांबवला, तर मात्र जड चक स्वतःच्या वेगाने सुटू शकतो. उलटी दिशा वापरणार असाल तर स्पिंडलला खाच आणि चकाला ती पकडणारा ग्रब स्क्रू आहे का ते पाहा. नसेल तर उलटे फिरवू नका. काढताना स्पिंडल त्याच्या लॉकनेच अडवा. भागांची आखणी करायची इंडेक्स पिन त्यासाठी वापरली तर ती वाकते किंवा तुटते.

राहिला स्नेह्यांचा सल्ला. मोर्स टेपर म्हणजे स्पिंडलच्या पोकळीत बसणारा निमुळता दांडा, तुमच्या यंत्रात बहुधा २ नंबरचा. तो मागे दाबणारा जोर उत्तम झेलतो. लाटणे दोन टोकांत धरून कातताना किंवा टेलस्टॉकला ड्रिल चक लावून भोक पाडताना तो चोख काम देतो. वाडगा कातताना मात्र जोर बाजूने येतो, प्रत्येक फेऱ्याला हिसके बसतात आणि निमुळता दांडा हळूहळू सैल होऊन चकासकट बाहेर येऊ शकतो. पोकळीतून आरपार गेलेल्या लांब बोल्टने मागून आवळला नसेल, तर त्यात वाडगा धरू नये. तुमच्या हातात चांगला चक आहे, त्याची पाठ तपासून इन्सर्ट मागवा.