नोकरी गेली, तरी अट राहते का?

कॅम्पस इंटरव्ह्यूनंतर ऑफर लेटर हातात आलं की आपण आधी पगाराचा आकडा बघतो आणि घरी फोन लावतो. मागच्या पानावरचा बारीक टाईप कोण वाचतो? त्यात बऱ्याचदा एक कलम असतं: ‘कंपनी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही.’ मग कंपनीनेच काढून टाकलं तर दोन वर्षं घरी बसायचं का?

याचं उत्तर भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहे. त्याचं कलम २७ म्हणतं की, कायदेशीर व्यवसाय करण्यापासून कुणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. धंदा गुडविलसह विकला असेल तर अपवाद आहे, पण तो नोकरदाराला लागू नाही.

दोन केसेस लक्षात ठेवा.

१) गोळीकरी केस (१९६७): कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला टायर कॉर्ड विभागाचा शिफ्ट सुपरवायझर. करार पाच वर्षांचा, पण तो मध्येच सोडून कोट्याच्या कंपनीत गेला. सुप्रीम कोर्टाने त्याला रोखलं, कारण कराराची मुदत अजून चालू होती.

२) मुरगई केस (१९८०): दिल्लीच्या ब्रँच मॅनेजरला कंपनीने काढलं. त्याने तिथेच तसाच धंदा सुरू केला. कंपनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि हरली. ‘सोडल्यावर’ म्हणजे स्वतःहून सोडल्यावर. काढून टाकणं त्यात येत नाही, असं कोर्ट म्हणालं. न्यायमूर्ती सेन यांनी तर नोकरीनंतरची अशी अटच कलम २७ खाली रद्द ठरवली. क्रिकेटपटू झहीर खानच्या केसमध्ये २००६ साली कोर्टाने हेच तत्त्व पुन्हा सांगितलं.

म्हणजे साधा नियम असा: नोकरी चालू असताना बंधन चालतं, संपल्यावर सहसा नाही.

पण लगेच खूश होऊ नका! कंपनीची ड्रॉइंग्ज, सोर्स कोड किंवा गुप्त माहिती घेऊन गेलात तर कोर्ट तुम्हाला अडवू शकतं. बॉन्डचं प्रकरणही वेगळं आहे. तीन वर्षांआधी राजीनामा दिल्यास दोन लाख रुपये भरायची विजया बँकेची अट सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये वैध ठरवली.

तेव्हा मित्रांनो, सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. नोकरी गेल्यावर धमकीची नोटीस आली, तर घाबरून हातची नवी नोकरी सोडू नका. आधी वकिलाला कागद दाखवा. आपण शिकलेली विद्या आपलीच असते, ती कंपनीकडे गहाण पडत नाही.