व्यसनमुक्तीचा फिरता दवाखाना : परवाना कोणाचा, पैसा कोणाचा?

बाजाराच्या दिवशी डोळे तपासणारी गाडी आपल्या ओळखीची आहे. तशीच गाडी व्यसनमुक्तीसाठी का येत नाही, असे रुग्णांचे नातेवाईक मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. ॲमस्टरडॅम शहरात अशी बस १९७९ साली सुरू झाली. अमेरिकेतही अशा गाड्या आहेत. तिथल्या अनुभवातून आपल्याला बरेच शिकता येते.

औषध कोणते?

या गाडीतून मुख्यतः मेथाडोन देतात. गर्द, म्हणजे हेरॉइन, घेणाऱ्याला ते वेळेवर मिळाले नाही की नाक गळते, अंग ठणकते, जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी लोक याला 'टर्की' म्हणतात. मेथाडोन अफूच्याच जातीचे, पण तोंडाने घ्यायचे आणि सावकाश काम करणारे औषध आहे. योग्य मात्रेत घेतल्यास साधारण दिवसभर टर्की येत नाही आणि माणूस कामावर जाऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये डॉ. डोल आणि डॉ. निस्वांडर यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत रूढ केली.

अडचण अशी की, निदान सुरुवातीला तरी हा डोस रोज परिचारिकेसमोर घ्यावा लागतो. केंद्र पन्नास-साठ किलोमीटरवर असेल तर मजुरी करणारा माणूस रोज कसा जाणार? म्हणून गाडी.

परवाना कशासाठी?

मेथाडोन जास्त झाले तर श्वास थांबतो. घरातल्या मुलाने चुकून घेतले तर जीव जाऊ शकतो. चोरीला गेले तर काळ्या बाजारात विकले जाते. म्हणून नियंत्रण हवेच.

अमेरिकेत केंद्राला आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र, अमली पदार्थ नियंत्रण विभागाची नोंदणी आणि राज्याची मान्यता, असे तिन्ही लागते. पूर्वी प्रत्येक गाडीची वेगळी नोंदणी लागे. २००७ साली त्या विभागाने नव्या गाड्यांना मंजुरी देणेच थांबवले. जुन्या तेवढ्या चालू राहिल्या. ही बंदी चौदा वर्षे टिकली. याच काळात तिथे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू वाढत गेले. २०२१ या एका वर्षात ते एक लाखाच्या वर गेले.

२८ जुलै २०२१ पासून नियम बदलला. नोंदणीकृत केंद्राला त्याच नोंदणीवर, विभागाच्या स्थानिक कार्यालयाच्या संमतीने, गाडी चालवता येते. अटी अशा : गाडीने राज्याबाहेर जायचे नाही, औषध तिजोरीत ठेवायचे, धोक्याची घंटा बसवायची आणि रोज काम संपल्यावर गाडी केंद्रात परत आणून औषध उतरवायचे. या शेवटच्या अटीमुळे दूरची गावे आवाक्याबाहेर राहतात, म्हणून अर्ज केल्यास सवलत मिळू शकते.

पैसा कशासाठी?

गाडी एकदा घ्यायची असते. तिच्यावर नाव रंगवायला देणगीदार मिळतात. खरा खर्च त्यानंतरचा : डॉक्टर, परिचारिका, चालक यांचे पगार, डिझेल, दुरुस्ती, औषध. अमेरिकेत राज्यांना मिळणारे केंद्रीय अनुदान, गरिबांसाठीची मेडिकेड योजना आणि १ जानेवारी २०२० पासून ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर, यांतून हा उपचार चालतो. वेदनाशामक गोळ्यांच्या खटल्यांत तीन वितरक व एका उत्पादक कंपनीने कबूल केलेल्या २६ अब्ज डॉलरच्या भरपाईतील रकमाही व्यसनोपचारासाठी आहेत.

पैसा दरसालचा का हवा, तेही समजून घ्या. गाडी दोन दिवस आली नाही की टर्की सुरू होते आणि रुग्ण पुन्हा गर्दकडे वळतो. उपचार बराच काळ सुटला तर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते. अशा वेळी जुन्या सवयीने घेतलेली गर्दची मात्राच जीव घेते. मध्येच बंद पडणारी गाडी त्यामुळे धोक्याची ठरते.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे शासकीय केंद्रांतून अफूजन्य व्यसनांसाठी मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली ठेवायला देतात. आपल्या भागातले मोठे व्यसन मात्र दारूचे. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. पण जुना मद्यपी अचानक दारू सोडतो तेव्हा त्याला झटके, भ्रम होऊ शकतात. त्याला गाडीत नव्हे, रुग्णालयातच ठेवावे लागते. गाडीचा उपयोग तपासणी, समुपदेशन आणि नंतरच्या पाठपुराव्यासाठी.

वाचकहो, उद्या तुमच्या तालुक्यात अशी गाडी आली तर चार गोष्टी जरूर विचारा :

१. गाडीमागे कोणते केंद्र आहे? मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार त्याची नोंदणी आहे का?
२. औषध कोणता डॉक्टर लिहून देतो आणि रात्री ते कुठे ठेवतात?
३. रुग्ण बिघडला तर कोणत्या रुग्णालयात नेणार?
४. पुढच्या वर्षीचा पैसा कोठून येणार?

उत्तरे समाधानकारक असतील तर आपल्या माणसाला निःशंक घेऊन जा. तोवर थांबू नका. १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून जवळच्या केंद्राची चौकशी करा.