प्रतिज्ञा स्वतःच्या हाताने लिहा

उपासक-उपासिकांनो,

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या. विहारात आपण त्या सर्वांबरोबर म्हणता. परंतु ध्यानात घ्या, त्या प्रतिज्ञांत 'आम्ही' नाही, 'मी' आहे. पंचशीलातील 'समादियामि' या पाली शब्दाचा अर्थही 'मी ग्रहण करतो' असाच आहे. समुदायाच्या आवाजात हा 'मी' लपू शकतो. कागदावर त्याला लपता येत नाही.

दारू न पिण्याची प्रतिज्ञा तोंडाने क्षणात म्हणून होते. तीच लिहिताना हात सावकाश चालतो आणि मन विचारते, 'हे मी पाळतो काय?' हा प्रश्न पडणे हाच लिहिण्याचा खरा लाभ होय.

म्हणून घरातील प्रत्येकाने एक वही करावी. रोज एक प्रतिज्ञा लिहावी. तिच्याखाली, आज ती कोठे पाळली व कोठे चुकली, हे एका ओळीत लिहून तारीख घालावी. २२ दिवसांनी पुन्हा पहिलीपासून आरंभ करावा. आजीला लिहिता येत नसेल, तर नातवंडाने तिचा हात धरून निदान 'मी' हे अक्षर गिरवून घ्यावे. पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्या हाताने 'मी' लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र हा नामजप नव्हे. वही भरल्याने पुण्य लागत नाही. वहीला हळदकुंकू वाहू नका. ती उघडा, वाचा आणि त्याप्रमाणे वागा.