ऱ्हास कशाचा, घट कशात?

हळूहळू कमी होत जाण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. घट, घसरण, झीज, ओहोटी, उतरती कळा, घसारा आणि ऱ्हास हे त्यांतले नित्याचे शब्द. अडचण एवढीच की, बँकेच्या पत्रात, अहवालात किंवा ग्राहकाच्या अर्जात ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसविले जातात आणि त्यांत सर्वाधिक ओढाताण होते ती ‘ऱ्हास’ या शब्दाची. भारदस्त वाटतो म्हणून तो कोठेही वापरला जातो.

एक उदाहरण पाहू. सोन्याचा बाजारभाव उतरला आणि सोनेतारण कर्जाच्या ग्राहकाला पत्र गेले : ‘आपण तारण ठेवलेल्या दागिन्यांच्या मूल्याचा ऱ्हास झाला असल्याने उर्वरित रक्कम त्वरित भरावी.’ पत्र लिहिणाऱ्याच्या मनात बाजारभाव आहे. वाचणाऱ्याच्या मनात मात्र दागिने येतात. तिजोरीत ठेवलेल्या पाटल्यांचे काही बिघडले की काय, अशी शंका त्याला आली तर दोष त्याचा नाही. ‘सोन्याचा भाव उतरल्यामुळे तारणाच्या मूल्यात घट झाली आहे’ असे लिहिले असते तर धक्का तेवढाच बसला असता, पण योग्य जागी बसला असता.

‘ऱ्हास’ हा संस्कृत ‘ह्रास’चा मराठी अवतार. ‘ऱ्हस्व-दीर्घ’ या जोडीतला ऱ्हस्व त्याच धातूपासून आला आहे. मूळ अर्थ आखूड होणे, उणे होणे. मराठीत मात्र या शब्दाने स्वतःची एक जागा ठरवून घेतली. संख्या उणी झाली तर मराठी माणूस सहसा ऱ्हास म्हणत नाही. गुण, बळ, सत्त्व, वैभव उणे होत गेले की म्हणतो. जंगलांचा ऱ्हास, पर्यावरणाचा ऱ्हास, ओझोनच्या थराचा ऱ्हास, एखाद्या कलेचा ऱ्हास हे सारे कानाला पटते. ‘शाखेतील ग्राहकसंख्येचा ऱ्हास झाला’ हे पटत नाही. तेथे ‘ग्राहकसंख्या घटली’ एवढे पुरते. बचत खात्यातल्या शिल्लकेचा तर ऱ्हास कधीच होत नाही. पैसे काढले म्हणून ती कमी होते.

हा भेद पाठ करण्याची गरज नाही. वाक्यातील विभक्तीच तो दाखवून देते. घट कशात तरी होते : ठेवींत घट, किमतीत घट, उत्पन्नात घट. ऱ्हास कशाचा तरी होतो : सुपीकतेचा, मूल्यांचा, सत्तेचा. आणि घसारा कशावर तरी आकारला जातो : यंत्रावर, वाहनावर, फर्निचरवर. ‘किमतीत ऱ्हास’ किंवा ‘यंत्राची घट’ असे लिहिताना लेखणी अडखळते ती यामुळेच. घट मोजता येते, म्हणून ती दहा टक्क्यांची असू शकते. ऱ्हासाला टक्केवारी जोडली की तो लगेच परका वाटू लागतो.

शेतीकर्जाच्या पाहणी अहवालात हा भेद केवळ भाषेचा राहत नाही. पावसाने ओढ दिली आणि सोयाबीनचा उतारा निम्म्यावर आला, तर ती उत्पादनातील घट होय. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला की ती भरून निघू शकते आणि तोवर कर्जाच्या हप्त्यांची फेररचना हा उपाय असू शकतो. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने ज्या जमिनी क्षारपड झाल्या, त्यांची गोष्ट निराळी. तेथे सुपीकतेचा ऱ्हास झाला आहे. हप्ते पुढे ढकलल्याने तो भरून येत नाही. चर काढून किंवा जमिनीखाली नळ घालून पाण्याचा निचरा करावा लागतो आणि त्यासाठी वेगळे कर्जही लागू शकते. पाहणी करणाऱ्याने घटीच्या जागी ऱ्हास लिहिला, तर धडधाकट जमिनीचा शेतकरी विनाकारण संशयात सापडेल. ऱ्हासाच्या जागी घट लिहिली, तर दुखणे तसेच राहून कर्ज मात्र वाढत जाईल. (पावसाने मातीचा वरचा थर वाहून जातो त्याला मराठीत ‘धूप’ हा खास शब्द आहे. तो असताना ‘मातीचा ऱ्हास’ लिहिण्याचे कारण नाही.)

ऱ्हासाला काळ लागतो, हीदेखील त्याची एक अट आहे. ‘१८१८ साली पेशवाईचा ऱ्हास झाला’ हे वाक्य म्हणूनच खटकते. त्या वर्षी पेशवाईचा अस्त झाला. ऱ्हास त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. मुंबईच्या कापड गिरण्यांबद्दलही असेच बोलले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणधंद्याचा ऱ्हास झाला, असे अनेकदा कानी पडते. वास्तविक जुनाट यंत्रे आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांची स्पर्धा यांमुळे हा धंदा आधीच खालावत होता. संपाने ऱ्हासाला वेग आला असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. एका शब्दाने सारा दोष एका वर्षावर लोटला जातो, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता घसारा. ५०,००० रुपयांच्या संगणकावर, उरलेल्या किमतीवर ४० टक्के या आयकरातील परिचित दराने घसारा आकारला, तर पहिल्या वर्षी २०,००० रुपये वजा होऊन पुस्तकी किंमत ३०,००० राहते आणि दुसऱ्या वर्षी १२,००० वजा होऊन १८,०००. संगणक मात्र दोन्ही वर्षे तेवढ्याच इमानाने चालत असतो. घसारा ही हिशेबातील नोंद आहे. वस्तूची प्रत्यक्षात होते ती झीज. घसारा ‘आकारतात’, झीज ‘होते’.

येथे हिंदीच्या शेजाराचा एक वेगळाच पेच उभा राहतो. राष्ट्रीय बँकेत परिपत्रकाचा हिंदी मसुदा हाताशी असतो आणि मराठी मजकूर पुष्कळदा त्यावरूनच तयार होतो. हिंदीत घसाऱ्याला ‘मूल्यह्रास’ म्हणतात. त्याचे मराठीत सरळ ‘मूल्यऱ्हास’ केले की, ‘यंत्रसामग्रीचा मूल्यऱ्हास’ वाचून मराठी वाचकाला हिशेबाऐवजी नीतीची आठवण होते, कारण मराठीत मूल्यांचा ऱ्हास म्हणजे समाजातील चांगल्या वर्तनाच्या निष्ठांचा ऱ्हास. इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबांत दोन्ही भाषा सारख्याच सरावाच्या असल्याने तेथे हा गोंधळ फारसा जाणवत नसेल. साताऱ्याच्या शाखेत तो नक्की जाणवतो.

रुपयाच्या बाबतीत आणखी काळजी हवी. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी रुपयाची किंमत पुन्हा दोन टप्प्यांत उतरविण्यात आली. ही अवमूल्यने होती, कारण ती निर्णय घेऊन केली गेली. १९९३ पासून दर बाजारात ठरतो, तेव्हा रोजच्या उतरणीला ‘घसरण’ म्हणावे. कोणी अवमूल्यन केलेलेच नसते. देशातल्या देशात मात्र रुपयाच्या क्रयशक्तीचा ऱ्हास होतो आणि येथे हा शब्द चपखल आहे. महागाई दरसाल ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर आजच्या १०० रुपयांत जेवढा बाजार होतो, त्याच्या निम्माच १२ वर्षांनी होईल. नोट तीच, तिच्यावरचा आकडाही तोच. उणे झाले ते तिचे बळ. मुदतठेवीचे व्याज सांगताना ज्येष्ठ ग्राहकाला हे वाक्य अवश्य ऐकवावे.

राहिला लेखनाचा प्रश्न. मराठीत शब्दारंभी अर्धा, चंद्रकोरीसारखा ‘ऱ्’ लिहून त्याला ‘ह’ जोडायचा, वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा या शब्दांत लिहितो तसाच. ‘ह्रास’ हे हिंदी व संस्कृत लेखन झाले. संगणकावर साधा ‘र’ मोडून ‘ह’ टंकला की रफार ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि जुन्या टंकांच्या काळात तर काही छापील मजकुरांत या अर्ध्या ‘ऱ्’च्या जागी नुसती आडवी रेघ उमटे. युनिकोडमध्ये नुक्ता दिलेला ‘ऱ’ स्वतंत्र आहे. तो घेऊन त्याला हलन्त करून पुढे ‘ह’ टंकला की अक्षर बिनचूक येते.